राइट टू वर्क कायद्यांचा कामगारांवर आणि राज्यांवर झालेला परिणाम कसा तपासावा

विदर्भात कारखाने का येत नाहीत, या विषयावर वणी, राजुरा किंवा हिंगणघाट इथल्या एखाद्या अभ्यासिकेत चर्चा रंगली, की कोणीतरी अमेरिकेचा दाखला देतोच. तिकडे ज्या राज्यांनी युनियनचा जोर कायद्याने कमी केला तिथे कारखाने गेले, असे एक जण सांगतो. त्याच राज्यांत कामगाराचा पगार कमी आहे, असे दुसरा सांगतो. आणि दोघांच्याही मोबाइलवर आपापल्या बाजूचा तक्ता तयार असतो. दोन्ही तक्ते बहुधा खरे असतात. त्यांतून काढलेले निष्कर्ष मात्र तपासावे लागतात, आणि ते कसे तपासावे याची पद्धत पुढे मांडली आहे. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, तालुक्याच्या वृत्तपत्रांत लिहिणारे वार्ताहर आणि खाणी-कारखान्यांतील युनियनचे कार्यकर्ते डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. टक्केवारी आणि सरासरी काढता आली म्हणजे पुरे.

आधी कायदा नेमका काय करतो ते पाहावे

महाराष्ट्रातील वाचकाला ‘कामाचा हक्क’ म्हटले की वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रोजगार हमी योजना, १९७२ चा दुष्काळ आणि १९७७ चा अधिनियम आठवतो. अमेरिकेतील राइट टू वर्क कायद्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते कायदे कोणालाही काम देत नाहीत. ते युनियनच्या वर्गणीविषयी आहेत.

अमेरिकेत १९३५ च्या वॅग्नर कायद्याने कामगारांना संघटना करण्याचा आणि मालकाशी सामूहिक करार करण्याचा हक्क दिला. एखाद्या कारखान्यातील बहुसंख्य कामगारांनी युनियन निवडली की ती युनियन तिथल्या सर्व कामगारांची प्रतिनिधी ठरते, सदस्य नसलेल्यांचीसुद्धा. १९४४ च्या एका रेल्वे खटल्यापासून न्यायालयांनी याला आणखी एक जबाबदारी जोडली: सदस्य असो वा नसो, युनियनने प्रत्येकाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. साहजिकच युनियन करारात असे कलम घालू लागल्या की, कराराचा लाभ ज्याला मिळतो त्याने खर्चाचा वाटाही उचलावा. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून संसदेने टाफ्ट-हार्टली कायदा मंजूर केला आणि त्याच्या कलम १४(ब) ने, असे वर्गणी-सक्तीचे कलम आपल्या हद्दीत बेकायदा ठरवण्याची मुभा राज्यांना दिली. ज्या राज्यांनी ती मुभा वापरली, ती राइट टू वर्क राज्ये. फ्लोरिडा आणि आर्कान्सा यांनी तर त्याआधीच, १९४४ मध्ये, आपापल्या राज्यघटनांत तशी दुरुस्ती केली होती.

वहीच्या पहिल्या पानावर हा कायदा काय करत नाही, हेही लिहून ठेवावे. तो युनियनवर बंदी घालत नाही. सदस्य नसलेल्याचे प्रतिनिधित्व करण्याची युनियनची जबाबदारी तो काढून घेत नाही. फक्त त्याबद्दल पैसे मागण्याचा मार्ग बंद करतो. रेल्वे आणि विमान कंपन्यांतील कामगारांना तो लागू होत नाही, कारण त्यांच्यासाठी वेगळा केंद्रीय कायदा आहे. सरकारी नोकरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या जेनस निकालाने साऱ्या देशातच वर्गणीची सक्ती संपवली, तेव्हा त्यानंतरच्या वर्षांत सरकारी नोकरांचा रकाना दोन प्रकारच्या राज्यांतील फरक दाखवू शकत नाही. उलट बाजूला, जिथे हा कायदा नाही तिथेही १९८८ च्या एका निकालामुळे सदस्य नसलेल्या कामगाराकडून वाटाघाटी आणि प्रतिनिधित्व यांच्या खर्चापुरतीच रक्कम घेता येते. युनियनच्या राजकीय खर्चाचा भार त्याच्यावर टाकता येत नाही. म्हणजे दोन प्रकारच्या राज्यांमधील कायदेशीर अंतर घोषणांमध्ये वाटते त्यापेक्षा बरेच कमी आहे. हे पान नीट भरले, तर पुढचा निम्मा घोळ टळतो.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण कोळसा खाणींचे आहे. कोल इंडियाच्या कामगारांचे वेतन राष्ट्रीय कोळसा वेतन कराराने ठरते. अकरावा करार २०२३ मध्ये झाला, १ जुलै २०२१ पासून लागू धरला गेला आणि त्यात १९ टक्क्यांचा किमान लाभ ठरला. वणी, माजरी किंवा उमरेड भागातील खाणीत काम करणाऱ्या कायम कामगाराला ही वाढ मिळाली, मग त्याच्या पगारातून कोणत्या युनियनची वर्गणी कापली जात असो वा कोणाचीच नसो. वर्गणी न भरता करार पदरात पाडून घेणाऱ्याला खाणीतले कार्यकर्ते ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणतात. अमेरिकेतील युनियनची तक्रार नेमकी हीच आहे. समर्थकांचे उत्तरही तितकेच स्पष्ट आहे: ज्या संघटनेत मला राहायचे नाही, तिला पोटापाण्यासाठी पैसे द्यायला मला भाग का पाडावे? हा दुसरा प्रश्न स्वातंत्र्याचा आहे आणि पगाराच्या तक्त्याने त्याचे उत्तर मिळत नाही. त्याला वहीत वेगळे पान द्यावे.

सरासऱ्यांची तुलना एवढ्यावर थांबू नये

आज अमेरिकेच्या ५० पैकी २६ राज्यांत हा कायदा आहे. सर्वात सोपा तक्ता म्हणजे २६ राज्यांचा सरासरी पगार एका बाजूला आणि २४ राज्यांचा दुसऱ्या बाजूला. पहिली सरासरी कमी निघते, आणि विरोधक तिथेच थांबतात. समर्थक त्याच दोन याद्यांतून लोकसंख्येची आणि रोजगाराची वाढ काढतात. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना यांच्या जोरावर पहिली यादी पुढे दिसते, आणि ते तिथे थांबतात.

अशा वेळी विचारावयाचा प्रश्न एकच आहे: कायदा येण्याआधी ही राज्ये कशी होती? जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना, टेक्सास आणि आयोवा यांनी १९४७ च्या सुमारास, अलाबामाने १९५३ मध्ये, मिसिसिपी आणि साउथ कॅरोलिना यांनी १९५४ मध्ये हा कायदा केला. यांतील दक्षिणेकडची राज्ये कापसाची, खंडकरी शेतीची आणि वर्णभेदाच्या कायद्यांची होती. तिथली मजुरी त्याआधी कित्येक पिढ्या उत्तरेपेक्षा कमी होती. युनियन मुळात दुबळ्या होत्या म्हणून कायदा सहज मंजूर झाला, असेही म्हणता येते. गडचिरोली आणि पुणे यांच्या दरडोई उत्पन्नाची तुलना करून सगळा फरक एखाद्या शासन निर्णयावर ढकलण्यासारखाच हा प्रकार आहे.

नंतरच्या वाढीचेही तसेच आहे. दक्षिणेत वातानुकूलन आले, आंतरराज्य महामार्ग झाले, जमीन स्वस्त होती, निवृत्त लोक उबदार हवेच्या शोधात तिकडे गेले, टेक्सासमध्ये तेल होते. त्यातच मिसिसिपीत राहणे कॅलिफोर्नियात राहण्यापेक्षा बरेच स्वस्त पडते, म्हणून डॉलरमधील पगाराला स्थानिक महागाईने भागल्याशिवाय कोणतीही तुलना वहीत उतरवू नये. असे भागल्यावर दोन याद्यांतील अंतर लहान होते. उरलेल्या अंतरासाठी शिक्षण, वय, उद्योगाचा प्रकार आणि शहरीकरण यांचा हिशेब करावा लागतो. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेच्या एलिस गूल्ड आणि विल किंबॉल यांनी २०१५ मध्ये असा हिशेब करून राइट टू वर्क राज्यांत पगार ३.१ टक्क्यांनी कमी असल्याचे मांडले. पूर्णवेळ कामगारासाठी ते वर्षाला सुमारे १,५५८ डॉलर होतात. या संस्थेला युनियनकडूनही निधी मिळतो, हे आकड्याशेजारी लिहावे. आकडा त्यामुळे खोटा ठरत नाही, पण उलट बाजूच्या संस्थेचा आकडा घेताना आपण हेच लिहिले असते, म्हणून इथेही लिहावे.

नदीच्या दोन काठांची पद्धत

सरासऱ्यांपेक्षा चांगली पद्धत सीमेवरच्या जिल्ह्यांची आहे, आणि ती समजून घ्यायला विदर्भाइतकी सोयीची जागा नाही. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील गावे आहेत, पलीकडे तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख. जमीन दोन्हीकडे काळी, पाऊस सारखा, पीक कापूस, सोयाबीन आणि तूर. लग्नसंबंध नदी ओलांडून होतात आणि मजूरही. तेव्हा एका काठावरची मजुरी किंवा शेतीची गुंतवणूक वेगळी दिसली, तर कारण माती-पावसात नसून राज्याच्या कारभारात असण्याची शक्यता वाढते.

मिनेसोटा विद्यापीठातील थॉमस होम्स यांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या राज्यसीमांवरील काउंटींची तुलना याच विचाराने केली. हा कायदा नसलेल्या राज्यातून सीमा ओलांडून कायदा असलेल्या राज्यात गेले, की एकूण रोजगारातील कारखान्यांचा वाटा सरासरी सुमारे एक तृतीयांशाने वाढलेला त्यांना आढळला. समर्थक हा आकडा वारंवार सांगतात. होम्स यांनी मात्र स्वतःच स्पष्ट केले आहे की हा परिणाम एकट्या राइट टू वर्कचा मानता येणार नाही; उद्योगांना अनुकूल अशा साऱ्या धोरणांची खूण म्हणून त्यांनी तो कायदा वापरला होता.

पैनगंगेवर हेच पडताळून पाहता येईल. तेलंगणाने २०१८ पासून रयतु बंधू योजनेत शेतकऱ्याला हंगामापूर्वी एकरी ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी शेतीला चोवीस तास मोफत वीज देण्याची घोषणा अमलात आणली. पलीकडच्या काठावर त्यानंतर काही बदलले असेल, तर ते रकमेने, विजेने, खरेदी केंद्रांनी की आणखी कशाने, हे नुसत्या सीमेवरून सांगता येत नाही. सीमा माती आणि हवामान यांचा फरक काढून टाकते. एका राज्याचे दहा कायदे एकमेकांपासून वेगळे करून देत नाही. शिवाय अलीकडचा कारखाना पलीकडे गेला तर अलीकडचा एक कमी आणि पलीकडचा एक जास्त, असा फरक दुप्पट दिसतो, मग देशातील एकूण कारखाने जितके होते तितकेच का असेनात. सीमेचा आकडा वापरताना ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात.

आधी आणि नंतर

तिसरी पद्धत काळाची. जुन्या राज्यांसाठी ती अवघड आहे, कारण १९४० आणि १९५० च्या दशकांतील तपशीलवार आकडे तुटपुंजे आहेत. नव्या राज्यांसाठी ती चांगली चालते: ओक्लाहोमा २००१, इंडियाना आणि मिशिगन २०१२, विस्कॉन्सिन २०१५, वेस्ट व्हर्जिनिया २०१६, केंटकी २०१७. मिझुरीने २०१७ मध्ये कायदा केला, पण तो अमलात येण्याआधीच २०१८ च्या सार्वमतात मतदारांनी सुमारे दोन तृतीयांश मतांनी फेटाळला.

नुसते आधी-नंतर मात्र फसवे असते. इंडियाना आणि मिशिगन यांनी कायदा केला तेव्हा मोटार उद्योग २००९ च्या पडझडीतून वर येत होता. कायदा झाला नसता तरीही रोजगार वाढलाच असता. म्हणून तुलनेला असे राज्य हवे, जिथे तीच तेजी आली पण कायदा आला नाही. ओझकान एरेन आणि सर्कान ओझबेक्लिक यांनी ओक्लाहोमासाठी अनेक राज्यांच्या मिश्रणातून कायदा न झालेला एक कल्पित ओक्लाहोमा उभा केला आणि खऱ्या राज्याशी ताडून पाहिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात खासगी क्षेत्रातील युनियन सदस्यत्व घटलेले दिसले. एकूण रोजगारावर आणि खासगी क्षेत्राच्या सरासरी वेतनावर परिणाम दिसला नाही. निकोल फोर्टिन, थॉमस लेमियू आणि नील लॉइड यांनी २०११ नंतरच्या पाच राज्यांचा अभ्यास २०२२ मध्ये मांडला. त्यात सदस्यत्व आणि वेतन दोन्ही खाली आलेले आढळले, आणि ज्या उद्योगांत युनियन आधीपासून बळकट होत्या तिथे घसरण बरीच मोठी होती.

हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात आहेत असे वरवर वाटते, पण माझ्या मते ते बरेचसे जुळतात. ओक्लाहोमात युनियन आधीच लहान होत्या. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये त्या मोठ्या होत्या. जिथे कापण्यासारखे थोडेच होते तिथे सरासरीत काही दिसले नाही, आणि जिथे होते तिथे दिसले.

तारखांबाबत दक्ष राहावे. मिशिगनचा कायदा मार्च २०१३ मध्ये लागू झाला, पण त्याआधी झालेले करार त्यांची मुदत संपेपर्यंत अबाधित राहिले. डेट्रॉइटच्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांचे करार २०१५ च्या सप्टेंबरात संपले. तेव्हा २०१४ चा आकडा घेऊन ‘मोटार कामगारांवर काहीच परिणाम झाला नाही’ असे म्हणणे निरर्थक आहे. त्याचबरोबर शेजारच्या कायद्यांकडेही पाहावे. विस्कॉन्सिनने २०११ मध्येच सरकारी नोकरांच्या युनियनचे बहुतेक अधिकार काढून घेतले होते, आणि इंडियाना, वेस्ट व्हर्जिनिया व केंटकी यांनी सरकारी बांधकामांवर ठरावीक दराने मजुरी देण्याचे कायदे याच सुमारास रद्द केले. बांधकाम मजुरांचा पगार तिथे घसरला असेल, तर दोष कोणत्या कायद्याचा, हे वेगळे काढल्याशिवाय लिहू नये.

एका कामगाराचा हिशेब

आता मूळ गाभ्याकडे यावे. कायद्याने कामगाराचा फायदा होतो की तोटा, याचे उत्तर एका कामगारासाठी वेगळे आणि सगळ्यांसाठी वेगळे येते, आणि हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही.

युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनची वर्गणी २०१४ पर्यंत महिन्याला दोन तासांच्या पगाराइतकी होती. त्या वर्षी ती अडीच तासांची झाली. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याचे सुमारे १७३ तास होतात, आणि अडीच तास म्हणजे पगाराच्या साधारण दीड टक्का. राइट टू वर्क राज्यातील कामगार वर्गणी बंद करतो तेव्हा हा दीड टक्का त्याच्या खिशात राहतो, ताबडतोब आणि निश्चित. करार कायम असतो, तक्रार झाली तर युनियनला त्याची बाजू मांडावीच लागते, आणि त्याच्या एकट्याच्या नसण्याने युनियनचे काही बिघडत नाही. त्याच्यापुरता हा व्यवहार चोख आहे.

पण हाच हिशेब शंभरातले तीस-चाळीस जण करू लागले, की युनियनकडे वकिलाला, संघटकाला आणि संपाच्या निधीला पैसा कमी पडतो. पुढच्या कराराला ती दुबळी होऊन बसते. समजा त्या करारात सगळ्यांची वाढ तीन टक्क्यांनी कमी ठरली, तर वर्गणी वाचवणाऱ्याचाही दीड टक्का नफा जाऊन दीड टक्का तोटा उरतो, आणि जो भरत राहिला त्याचे नुकसान पूर्ण तीन टक्के, कारण वर्गणी तो आधीही भरतच होता. हे आकडे समजुतीसाठी धरले आहेत. खरी घसरण किती, हे वरच्या तीन पद्धतींनीच ठरवावे लागेल. हिशेबातून कळते ते इतकेच की, ज्याने वर्गणी थांबवली तो मूर्ख नसतो आणि तरीही सगळ्यांचा पगार घसरू शकतो.

युनियनच्या कामावर होणारा परिणाम डेव्हिड एलवूड आणि ग्लेन फाइन यांनी १९८७ मध्ये मोजला. कायदा झाल्यावर पहिल्या पाच वर्षांत नव्या ठिकाणी संघटना बांधण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले आणि पुढच्या पाच वर्षांत साधारण पाव हिश्श्याने कमी राहिले. तयार युनियन एका दिवसात मोडत नाही. नवी उभी राहत नाही. परिणाम हळूहळू दिसण्याचे कारण बहुधा यात आहे.

यानंतर आकाराचा अंदाज घ्यावा. २०२३ मध्ये अमेरिकेतील पगारदारांपैकी १०.० टक्के युनियनचे सदस्य होते. खासगी क्षेत्रात हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होते. हवाईत २४.१ टक्के, साउथ कॅरोलिनात २.३ टक्के. खासगी क्षेत्रात शंभरातील सहाच सदस्य असतील, तर त्यांचा पगार घटल्याने सगळ्यांची सरासरी फारशी हलत नाही. म्हणून कोणी मोठी घसरण सांगितली, तर युनियन नसलेल्या कारखान्यांवर परिणाम कसा पोहोचला हे त्याला विचारावे. एक उत्तर असे असते की, युनियन होऊ नये म्हणून इतर मालकही शेजारच्या कराराच्या जवळपास पगार देतात, आणि युनियनची भीती गेली की ते देणे थांबते. खाणीत ठेकेदाराचे काम निघाले की आसपासच्या गावांत सोंगणीचा दर चढतो, हे आपण पाहतो. तिथे कारण माणसांच्या टंचाईचे असते, युनियनच्या भीतीचे नव्हे, पण एका ठिकाणची मजुरी दुसरीकडे कशी झिरपते हे त्यावरून ध्यानात येईल.

नेवाडाचे उदाहरण मात्र वहीत असलेच पाहिजे. तिथे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हा कायदा आहे, तरीही लास वेगासच्या हॉटेल कामगारांच्या कलिनरी युनियनचे सुमारे ६०,००० सदस्य आहेत. टेनेसीत १९४७ पासून कायदा आहे. चॅटानूगा येथील फोक्सवॅगनच्या कारखान्यात युनायटेड ऑटो वर्कर्स २०१४ आणि २०१९ मध्ये मतदान हरली आणि एप्रिल २०२४ मध्ये जिंकली. कायदा युनियनचा खर्च वाढवतो, तिची शक्यता संपवत नाही.

राज्याचा हिशेब

राज्याला काय मिळाले, हे पाहताना कारखाने मोजण्याआधी त्यांच्यासाठी राज्याने काय मोजले ते पाहावे. अलाबामाने १९९३ मध्ये मर्सिडीज-बेंझचा कारखाना आणला तो सुमारे २५ कोटी डॉलरच्या सवलती देऊन. बोइंगने २००९ मध्ये ७८७ विमानाच्या जुळणीची दुसरी शाखा वॉशिंग्टन राज्याऐवजी साउथ कॅरोलिनात नेली, तेव्हा संपांचा त्रास हे कारण कंपनीच्या अधिकाऱ्यांनी उघडपणे सांगितले होते, आणि सोबत राज्याच्या सवलतीही होत्या. अशा प्रकरणांत कायद्याचा वाटा शून्य होता असे म्हणणे जितके अवघड, तितकेच सगळे श्रेय कायद्याला देणेही अवघड.

एवढे मात्र नक्की म्हणता येते की, वॉशिंग्टनमधून साउथ कॅरोलिनात गेलेली नोकरी साउथ कॅरोलिनाला नवी असते, अमेरिकेला नसते. म्हणून तक्त्यात ‘राज्याचा लाभ’ आणि ‘देशाचा लाभ’ असे दोन रकाने ठेवावेत.

विदर्भाला लागू करताना

हा सगळा पसारा मांडून झाल्यावर मूळ दाव्याकडे यावे: आपल्याकडेही असा कायदा केला तर उद्योग येतील. इथे थांबून भारतातील कायदा वाचावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) ने संघटना करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. कोणत्याही युनियनचे सदस्य होणे किंवा तिला वर्गणी देणे ही नोकरीची कायदेशीर अट नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याने तर युनियनने कामगाराला दडपण आणून सदस्य करून घेणे ही अनुचित प्रथा ठरवली. त्याच कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्के सदस्यत्वाची अट होती. औद्योगिक संबंध संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, वाटाघाटीसाठी एकच युनियन मान्य व्हायला ५१ टक्क्यांची अट घातली आहे. म्हणजे मिशिगनने २०१२ मध्ये जे केले, ते चंद्रपूर किंवा यवतमाळमध्ये पूर्वीपासूनच आहे. त्याने उद्योग येणार असते तर आतापर्यंत यायला हवे होते. मला या एका मुद्द्यावर वादाला जागा दिसत नाही.

महाराष्ट्राने मागास भागांत उद्योग नेण्यासाठी १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवली आहे आणि २०१६ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना वीजदरात सवलत दिली. अमेरिकी राज्यांशी तुलना करायचीच असेल, तर ती या सवलतींशी करावी; वर दिलेल्या तिन्ही पद्धती त्यांना तशाच लावता येतात.

आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी. अमेरिकेतील वाद करार असलेल्या कामगारांपुरता आहे. आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी एकराच्या ठेक्याने आणि कापसाची वेचणी किलोच्या दराने होते, जिनिंगचे काम हंगामी असते, आणि खाणीतही ठेकेदाराच्या माणसाला कायम कामगाराचा करार लागू होत नाही. तेव्हा एखाद्या भाषणात ‘कामगारांचा पगार इतका वाढला’ असे ऐकले, की त्यात ठेकेदाराकडची माणसे धरली आहेत का, हे विचारावे.

तक्ता आजच आखून ठेवावा

मिशिगनने २०२३ मध्ये हा कायदा रद्द केला आणि रद्दबातल ठरल्याची तारीख फेब्रुवारी २०२४ ची आहे. १९६५ मध्ये इंडियानाने आपला पहिला कायदा असाच मागे घेतला होता, पण त्या काळचे आकडे आजच्याइतके तपशीलवार नाहीत. एकाच राज्यात कायदा येणे आणि जाणे, दोन्ही मोजता येण्याची संधी अभ्यासकाला क्वचित मिळते. अमेरिकेचा श्रम सांख्यिकी विभाग युनियन सदस्यत्वाचे राज्यवार आकडे दरवर्षी साधारण जानेवारीत प्रसिद्ध करतो आणि ते इंटरनेटवर मोफत मिळतात.

एका पानावर मिशिगन आणि शेजारचे ओहायो यांचे रकाने आखावेत. ओहायोने हा कायदा कधीच केला नाही आणि तिथेही मोटारींचे कारखाने आहेत. २००५ ते २०१२, २०१३ ते २०२३ आणि २०२४ नंतर, असे तीन कप्पे करावेत. प्रत्येक कप्प्यात सदस्यत्वाची टक्केवारी, कारखान्यांतील रोजगार आणि महागाई वजा केलेले ताशी वेतन भरावे. २०२० आणि २०२१ ही कोविडची वर्षे वेगळ्या शाईने लिहावीत. जुने करार संपेपर्यंत तिसऱ्या कप्प्यात फारसे काही दिसणार नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवर कोणी बातमी मागितली तरी ती देऊ नये.